गॅसबत्ती घरात वापरताय? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात पावसाळ्यात लाइट गेल्यावर घरात काय काय असावं याबद्दल लिहिताना मेंटलच्या बत्तीचं (मेंटल म्हणजे ज्योतीवरची ती जाळीची छोटी पिशवी) नाव एका ओळीत घेतलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. उत्तरं वाचायच्या आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, म्हणजे घोळ होणार नाही. मेंटलच्या तेलाच्या बत्त्या दोन जातीच्या. एक पंप मारायची, प्रेशरवाली, म्हणजे आपली गॅसबत्ती, जिला बहुतेक जण पेट्रोमॅक्सच म्हणतात मग कंपनी कुठलीही असो. दुसरी बिनपंपाची, गोल वातीची आणि उंच काचेची, अलाद्दीन. दोन्हीत ज्योत स्वतः उजेड देत नाही, ती फक्त मेंटल तापवते आणि ते तापलेलं मेंटल पांढरं लखलखतं. पण दोघींची तब्येत वेगळी आणि धोकेही वेगळे, त्यामुळे एकीचा सल्ला दुसरीला लावू नका.

प्रश्न : दादा, आमचं गाव दापोलीजवळ. जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती, मेणबत्त्यासुद्धा दुकानातून संपल्या. माळ्यावर आजोबांची पितळी गॅसबत्ती आहे, चढणीचे मासे धरायला ते घेऊन जायचे. ती परत सुरू करता येईल का, की आता शोभेलाच ठेवायची?

बऱ्याचदा येते, पण थेट रॉकेल भरून पंप मारायला बसू नका. ही टाकी हवेच्या दाबाखाली काम करते, दाब असेल तरच रॉकेल वर चढतं, त्यामुळे टाकी कमजोर असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. आधी झाकण काढून आत बॅटरी मारून बघा. गंज, पापुद्रे, तळ बाहेर फुगलेला, कुठे डाग दिलेला म्हणजे झाळकाम केलेलं दिसलं तर ती बत्ती घासून पुसून दिवाणखान्यात ठेवा, आजोबांची आठवण म्हणून ती तिथे छानच दिसेल, पण पेटवायची नाही. यात माझ्याकडून सूट नाही.

टाकी ठणठणीत असेल तर पंपाकडे या. आतला दांडा बाहेर काढला की टोकाला चामड्याचं वायसर असतं, ते इतकी वर्षं पडून वाळून आक्रसलेलं असणार, म्हणून पंप ढिला लागतो आणि हवा भरतच नाही. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर मुरू द्या, बोटाने कडा जरा पसरवा. तरीही तडे दिसले तर नवीन घाला, स्टोव्ह रिपेअर करणाऱ्याकडे मिळतं, तालुक्याच्या गावी असा एखादा माणूस अजून असतोच. मग पंपाच्या तळाशी असलेला व्हॉल्व्ह. पंप मारल्यावर दांडा आपोआप वर ढकलला जात असेल किंवा पंपाच्या नळीत रॉकेल येत असेल तर तो व्हॉल्व्ह गेला, तो बदलल्याशिवाय पेटवू नका कारण मग जळत्या बत्तीच्या शेजारी रॉकेल बाहेर येणार.

हे झालं की टाकीत थोडं रॉकेल घालून, न पेटवता, हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. दाबाच्या मीटरचा काटा थोडा वेळ हलला नाही तर समजा की टाकी दाब धरतेय. आणि तो छोटा हवेचा स्क्रू, जो झाकणावरच असतो, तो सहज फिरतोय ना ते नक्की बघा, तुमचा ब्रेक तोच आहे. काहीही बिघडलं की तो सैल करायचा, दाब जातो, बत्ती विझते. पहिल्यांदा पेटवायची ती अंगणातच, पडवीत पण नाही.

प्रश्न : आमची गॅसबत्ती पेटवली की आधी मोठा पिवळा भडका होतो, काळा धूर निघतो, मेंटल काळं पडतं. घरचे आता घाबरून हात लावत नाहीत. निपल बदललं, मेंटल बदललं, काही फरक नाही. (कराड तालुका)

घरच्यांची भीती रास्त आहे, आणि दोष बहुतेक निपलचा नाहीच, घाईचा आहे.

बघा, या बत्तीत रॉकेल पातळ स्वरूपात जळायचंच नसतं. टाकीतून ते वरच्या नळीत, म्हणजे व्हेपोरायझरमध्ये चढतं, तिथे उष्णतेने त्याची वाफ होते, ती वाफ निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते, सोबत हवा ओढून घेते आणि ते मिश्रण मेंटलमध्ये निळं जळतं. एकदा चालू झाली की बत्तीची स्वतःचीच धग नळी गरम ठेवते. सुरुवातीला मात्र नळी थंड असते, म्हणून ती आपल्याला बाहेरून तापवावी लागते आणि त्यासाठीच ती स्पिरिटची वाटी दिलेली असते. वाटी अर्धी भरली, किंवा वारा होता, किंवा स्पिरिट जळत असतानाच आपण जोरजोरात पंप मारला, की नळीतून वाफेऐवजी रॉकेलची पिचकारी येते. तोच तुमचा पिवळा भडका.

तर पद्धत अशी ठेवा. बत्ती सपाट जागी, वारा न लागेल अशी, वर आणि आजूबाजूला काही नाही. टाकी पाऊण भरायची, गाळणीच्या नरसाळ्यातून, काठोकाठ कधीच नाही, कारण दाबाची हवा राहायला वर जागा लागते. हवेचा स्क्रू सैल ठेवा. वाटी स्पिरिटने पूर्ण भरा, स्पिरिटची बाटली बूच लावून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा आणि मगच काडी ओढा. आता थांबा. स्पिरिट जवळजवळ संपत आलं, ज्योत बारीक झाली की स्क्रू घट्ट करा, हळू हळू थोडा पंप मारा. मेंटल भुसभुस आवाज करत उजळायला लागेल, मग पाऊण-एक मिनिट तसंच जाऊ द्या आणि नंतर मीटरच्या लाल रेषेपर्यंत हवा भरा, त्याच्या वर नाही. थंडीत किंवा वाऱ्यात एक वाटी पुरत नाही, दोन लागतात. पण दुसरी वाटी भरायची ती पहिली पूर्ण विझून वाटी हाताला गार लागल्यावर. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतच नाही, आणि विझली असं समजून बाटलीतून वर ओतायला जाणं ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात वाईट चूक आहे, ज्योत धारेवरून बाटलीपर्यंत चढते. कृपा करून घरातल्या प्रत्येकाला हे एवढं तरी वाचून दाखवा.

एवढं करूनही भडका झालाच तर स्क्रू सैल करा, दूर व्हा, जळू द्या, विझली की गार होऊ द्या आणि परत पहिल्यापासून. पेटलेली बत्ती उचलून बाहेर पळू नका.

नीट तापवूनही उजेड फडफडत असेल, म्हणजे कमी-जास्त कमी-जास्त, तर मग निपलमध्ये कचरा आहे (आतली पिन वरखाली करणारी कळ फिरवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं) किंवा व्हेपोरायझरमध्ये काजळी साचलीय. रॉकेल न गाळता भरलं की हे होणारच.

प्रश्न : मेंटल रेडिओॲक्टिव्ह असतं असं मुलगी कॉलेजातून शिकून आली आणि तिने घरातली बत्ती बाहेर ठेवायला लावली. खरं आहे का हे? (पुणे)

मुलगी बरोबर शिकलीय. तिला शाबासकी द्या आणि बत्ती परत आत घ्या, दोन्ही.

ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने 1885 मध्ये मेंटलचं पेटंट घेतलं, पण त्याचा पहिला उजेड हिरवट यायचा आणि लोकांना आवडला नाही. 1891 मध्ये त्याला नेमकं प्रमाण सापडलं, 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. ते इतकं जमलं की पुढची शंभर वर्षं जगभर तेच चाललं. कापडाची जाळी या क्षारांच्या पाण्यात भिजवतात, पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि उरतो तो नुसता ऑक्साइडचा सांगाडा, म्हणून तर बोट लागलं तरी त्याची राख होते. आणि यात आपल्याकडचा धागा म्हणजे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू. 1909 मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन केमिस्टला ती सापडली आणि तिथून ती थोरियमसाठी, म्हणजे त्या काळात मुख्यतः मेंटलसाठीच, परदेशात जायला लागली. बर्लिन-लंडनच्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे केरळ-कन्याकुमारीकडच्या वाळूवर उजळत होते हे वाचलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं.

आता धोका किती. थोरियम अत्यंत सावकाश विघटन होणारं मूलद्रव्य आहे, अर्धं व्हायला 1400 कोटी वर्षं लागतात, आणि त्याचे अल्फा कण कागदालासुद्धा ओलांडत नाहीत. बत्ती खोलीत ठेवल्याने काही होत नाही. जपायचं ते एकाच गोष्टीला, त्याची धूळ श्वासातून किंवा तोंडातून पोटात जायला नको. म्हणून नवीन मेंटल पहिल्यांदा जाळायचं ते घराबाहेर, आणि त्या धुरात तोंड घालून उभं राहायचं नाही. फुटलेलं मेंटल फुंकर मारून साफ करू नका, झाडूने पण नाही. बत्ती पूर्ण गार झाली की ओल्या कागदाने टिपून घ्या, पिशवीत बांधून टाका, साबणाने हात धुवा आणि मगच चहाला बसा. लहान मुलांच्या हातात पाकिट देऊ नका. हल्ली यिट्रियमची बिनथोरियमची मेंटलं पण मिळतात, पाकिटावर तसं स्पष्ट छापलेलं असतं. काहीच छापलेलं नसेल तर थोरियम आहे असं धरून चाला.

प्रश्न : डिअर एडिटर, आम्ही कॅनडात राहतो. इथे बर्फाच्या वादळात पॉवर जाते म्हणून एका शेजाऱ्यांकडून जुना अलाद्दीन लॅम्प घेतला. पेटवला की छान चालतो पण थोड्या वेळाने मेंटलवर काळे डाग येतात आणि एकदा तर काचेच्या वर ज्वाळा आली. आई इथे आलीय, ती म्हणते आमचा कंदील बरा होता.

आईंना माझा नमस्कार सांगा. प्रभाकर कंदिलाच्या काळातल्या माणसांना तो सरळच वाटणार, कारण कंदिलाची वात एकदा लावली की तशीच राहते. अलाद्दीनचं तसं नाही. पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं तो तापत असतो आणि तापेल तशी ज्योत आपोआप वाढत जाते, आपण वात न हलवतासुद्धा. तुम्ही पेटवल्या पेटवल्या छान उजेड बघून तसाच सोडून जेवायला जाता आणि परत येईपर्यंत तो भडकलेला असतो. म्हणून सुरुवात अगदी कमी ज्योतीवर करायची, त्याच खोलीत बसायचं, आणि पूर्ण तापल्यावर मग थोडी थोडी वात वर घ्यायची. पूर्ण उजेडाच्या जरा खालीच ठेवा. चांगला चालला की साधारण 60 वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड देतो, तोही आवाज न करता, वाचायला इतका सुरेख उजेड तेलाच्या दुसऱ्या कुठल्या घरगुती दिव्याला नाही असं माझं मत आहे.

काळे डाग म्हणजे काजळी. वात एकदम खाली करा, पण विझवू नका, बारीक ज्योतीवर काही मिनिटांत काजळी जळून मेंटल परत पांढरं होतं. फुंकायचं नाही, पुसायचं तर मुळीच नाही. काजळी तशीच वाढू दिली की वरून ज्वाळा येते, तुम्हाला आली तशी. तेव्हाही तेच करायचं, वात खाली, आणि दिवा हलवायचा नाही. पुन्हा पुन्हा एकाच बाजूला काळं होत असेल तर वात वाकडी जळतेय. गोल वात कात्रीने कापू नका, सरळ कापली जातच नाही, जळालेली कड त्याच्यासोबत येणाऱ्या क्लीनरने एकाच दिशेला फिरवून साफ करा. नवीन वात घातली असेल तर तेलात तासभर भिजू द्या. तेल साधं स्वच्छ केरोसिनच, ते रंगीत सुगंधी लॅम्प ऑइल या वातीला चालत नाही, वात तुंबते.

उंच काचेतून गरम हवेचा झोत सरळ वर जातो. वर तीन फूट तरी मोकळं हवं, तुमच्याकडे लाकडी छतं असतात म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, बॅटरी आहे ना, ते आजच बघा.

प्रश्न : रेशनचं रॉकेल आता मिळत नाही. गॅसबत्तीत डिझेल किंवा थोडं पेट्रोल मिसळून चालेल का? गोडेतेल?

पेट्रोल नाही. एक चमचाही नाही. रॉकेलची वाफ निदान 35 अंशांना काडी पकडते, आपल्या मानकात तसंच ठरवलंय, पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली 40 अंशांनासुद्धा पकडते. म्हणजे गरम टाकीत दाबाखाली पेट्रोल भरणं हे घरात स्फोटाची तयारी करून ठेवणं आहे. डिझेलने साध्या गॅसबत्तीत धूर आणि काजळी होते, नळी लवकर चोंदते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, एकाहून जास्त इंधनांवर चालणारा नूरी नावाचा मेंटलचा कंदील बनवला होता, पण तो मुळात त्यासाठीच घडवलेला होता, आपल्या माळ्यावरच्या बत्तीत तसं करता येत नाही. गोडेतेल घट्ट असतं, ते ना नळीत नीट चढत ना वातीत, ते समईलाच राहू द्या. खुल्या बाजारात पांढरं रॉकेल मिळतं, महाग आहे, पण वर्षातून थोडेच दिवस लागत असेल तर तेच आणा. आणि सुट्टं घेताना वास घेऊन बघा, पेट्रोलचा जरा जरी संशय आला तर परत करा.

प्रश्न : लाइट गेल्यावर बाळाच्या खोलीत रात्रभर बत्ती मंद करून ठेवली तर?

नको ताई. गॅसबत्ती मंद होत नाही, दाब कमी झाला की ती अर्धवट जळते आणि तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो, त्याला ना वास ना रंग. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ असं एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम व्हायला लागलं तर बत्ती बंद करून सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत जायचं, कारण नंतर शोधायचं. शिवाय बत्ती खोली खूप तापवते आणि बाळाची मच्छरदाणी नायलॉनची असते. मेंटलची बत्ती म्हणजे जागं माणूस जवळ असताना, दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून, स्वयंपाक-जेवण-अभ्यासाच्या वेळी लावायची गोष्ट आहे. झोपताना विझवायची. बाळाच्या खोलीत चार्जिंगचा छोटा एलईडी दिवा ठेवा, त्याला पर्याय शोधू नका.

प्रश्न : पेटवल्यावर काच तडकते, दोन वेळा झालं.

मेंटलला भोक पडलंय का बघा. भोकातून ज्योतीची धार सुटते आणि एकाच जागी काचेवर बसते, मग काच टिकत नाही. भोक पडलेलं मेंटल चालवून घ्यायचं नाही, लगेच बदला. दुसरं कारण, गरम काचेवर पावसाचा थेंब किंवा ओलं फडकं.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत, रॉकेल कुठे आणि कसं ठेवावं? आणि भाजलं तर लगेच काय करायचं?

हा प्रश्न शेवटी आला पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रॉकेल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. पांढरं रॉकेल अगदी पाण्यासारखं दिसतं आणि तहानलेलं पोर बाटली उचलून तोंडाला लावतं, आपल्याकडे लहान मुलांच्या विषबाधेत रॉकेल पिण्याच्या केसेस वर्षानुवर्षं येत आल्यात त्या अशाच. कॅन वेगळा, झाकण घट्ट, वर मोठ्या अक्षरात नाव, घराबाहेर कुलपात, ऊन आणि चूल दोन्हींपासून लांब. मुलाने प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी नाही, दूध नाही, बोटं घालणं नाही. रॉकेल पोटापेक्षा फुफ्फुसात गेलं की जास्त नुकसान करतं आणि उलटीत ते नेमकं तिकडेच जातं. 108 ला फोन करा किंवा गाडी मिळेल ती पकडून सरळ हॉस्पिटल गाठा, मूल बरं दिसत असलं तरी, कारण दम लागायला काही तास जाऊ शकतात.

भाजलं तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, घड्याळ लावून, बर्फ नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढा. टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही लावू नका, डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि ते दुखणं आधीच्या दुखण्याहून वाईट. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही. कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, दुसऱ्याने सतरंजी किंवा घोंगडी टाकून दाबायचं. म्हणूनच बत्ती पेटवणाऱ्याने ओढणी, पदर खोचून, शक्यतो सुती कपड्यात बसावं. आणि सांडलेलं रॉकेल पेटलं तर त्यावर पाणी ओतू नका, रॉकेल पाण्यावर तरंगत पसरतं आणि आगही त्याच्याबरोबर पसरते. बत्ती लावायच्या जागेजवळ वाळूची बादली आणि एक ओलं पोतं ठेवा.

एक राहिलं. बत्तीत रॉकेल संपलं की ती गरम असतानाच भरायची सवय बऱ्याच घरांत आहे, विशेषतः कार्यक्रम चालू असताना, पाहुणे बसलेले असताना. लिटरभराची टाकी पाऊण भरली तरी चांगली पाच-सहा तास जाते, तेव्हा संध्याकाळी उजेड असतानाच भरून ठेवा. मध्येच संपली तर स्क्रू सैल करून दाब सोडा, टाकीला हात लावता येईल इतकी गार होऊ द्या, तोवर पाहुण्यांना बॅटरीच्या उजेडात बसू द्या.